बिनआवाजाची गाडी

सोमवार, ३ मार्च

नेली! माझी गाडी नेली शेवटी. सकाळी डेपोत पोचलो तर तिच्या जागेवर नुसता तेलाचा डाग. अकरा वर्षं तीच एक डिझेल बस चालवली आणि निरोप म्हणून काय, तर डाग! साहेब म्हणाले, "भावनेत अडकू नका हो. ती गाडी गावाला धूर पाजत होती." पाजत असेल. माझ्या शर्टाची कॉलर रोज काळी व्हायची, मला माहीत नाही का? पण निदान सांगून तरी न्यायची.

उद्यापासून मला विजेवरची बस. सगळे हेवा करताहेत. मला मात्र नको ती.

इथे लिहून टाकतो, दुसरीकडे बोलायची सोय नाही. मला ऐकू येत नाही. डावा कान गेलेलाच आहे, उजवा अर्धामुर्धा. सहा-सात वर्षं झाली. कुणाला माहीत नाही, हिलासुद्धा नाही. माझ्या वडिलांनाही उतारवयात कमी ऐकू यायचं—घराण्याची देणगी! तीन वर्षांतून एकदा डेपोचा डॉक्टर तपासतो, तो समोर बसून "ऐकू येतं ना?" एवढंच विचारतो. ओठ बघून मी "हो" म्हणतो. झाली तपासणी!

निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. तेवढी निभावली की सुटलो. त्याआधी कळलं तर स्टिअरिंगवरून उठवतील आणि स्टॉपच्या पाट्या पुसायला लावतील.

मंगळवार, ४ मार्च

नवी गाडी शिकवायला एक बाई आल्या आहेत. वयाने आमच्या लेकीएवढ्या. मी दोनदा बटण दाबलं, गाडी सुरू होईना. तिसऱ्यांदा दाबणार तेवढ्यात बाई हसल्या. "काका, चालूच आहे ती!"

सगळे हसले. मीही हसलो. म्हणे सुरुवातीला सगळेच फसतात.

पण माझं वेगळं आहे. जुन्या गाडीत मी कानाने काही ऐकतच नव्हतो, तळपायाने ऐकायचो. क्लचखालची घरघर बदलली की गिअर टाकायचा. इंजिन तर डाव्या कोपराला चिकटूनच, पत्र्याच्या झाकणाखाली. त्याला ताप आला की माझ्या मांडीला आधी कळायचं. आणि माझा कंडक्टर पाठीमागच्या पत्र्यावर थापा मारायचा. दोन थापा—चला. एक थाप—थांबा. पाठीत ऐकू यायच्या! घंटीची दोरी होती, पण आम्ही ती वापरलीच नाही. त्याला वाटायचं, ही माझी एक खोड आहे.

इथे क्लच नाही, गिअर नाही, कंडक्टरही नाही. लोक कार्ड टेकवतात आणि बसतात. आणि गाडीला काय सांगायचं असेल ते ती टूं-टूं करून सांगते. मागे घेताना एक आवाज. कुणी पुढे आलं तर दुसरा. दारात काही अडकलं तर भोंगा. बाईंनी एकेक वाजवून दाखवला. "ओळखा बरं काका, हा कुठला?"

"दाराचा."

बरोबर निघालं! स्टिअरिंगसमोरच्या पट्टीवर एक इवलासा लाल दिवा लागतो, तो बघून सांगितलं. ऊन आलं की तो दिवा दिसत नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं.

शुक्रवार, ७ मार्च

चार दिवस झाले. सारखं आरशात बघून मान आखडली आहे. जीव टांगणीला.

रविवार, ९ मार्च

लेक घरी होती. तिने गेल्या महिन्यात स्कूटर विकून सायकल घेतली, तेव्हापासून आम्हा सगळ्यांना शहाणं करायचा विडा उचललाय. मैत्रिणींना फोनवर सांगत होती. तोंड माझ्याकडे होतं म्हणून कळलं. "माझे बाबा इलेक्ट्रिक बस चालवतात! धूर नाही, आवाज नाही!"

आवाज नाही. तेच तर!

मी बातम्या आवाज बंद करून बघतो, खालची अक्षरं वाचतो. डोकं दुखतं असं सांगून ठेवलंय. ही म्हणाली, "पिशवी घेऊन बाजारात जा म्हटलं की यांना ऐकू येत नाही, चहा म्हटलं की बरं येतं!" लेक खो-खो हसली. मीही हसलो.

बुधवार, १२ मार्च

एक युक्ती सापडली. रोज सकाळी गाडी काढायच्या आधी भोंगा वाजवून बघायचा असा नियमच आहे. तेव्हा मी पट्टीच्या खालच्या बाजूला बोटं टेकवतो. वाजला की बोटांना गुदगुल्या होतात. म्हणजे चालू आहे. पण रस्त्यावर एक हात कायम तिथे ठेवून गाडी कशी हाकणार?

मग स्टॉपवर मी दुप्पट वेळ थांबतो. दार लावतो, आरसा, मान वळवून मागे, पुन्हा आरसा, मग अगदी हळू सोडतो. लोक कुरकुरतात. परवा एक गृहस्थ उतरताना म्हणाले, "ड्रायव्हरदादा, मुहूर्त बघताय का?"

दुपारी पाना भेटला. पाना म्हणजे आमचा सर्वांत जुना फिटर, त्याचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणी घेत नाही. मी लागलो त्याच वर्षी तोही लागला. छप्पन्नाव्या वर्षी वह्या भरभरून विजेचं काम शिकलाय. बॅटरीच्या शेडमध्ये आता रुबाबात फिरतो. "हात काळे होत नाहीत रे," म्हणाला. "घरी गेलो की बायको विचारते, कामावर गेला होतात ना?"

शुक्रवार, २१ मार्च

कमाल झाली! डेपोत मोठा पडदा लावलाय. कोणत्या ड्रायव्हरने किलोमीटरमागे किती वीज खाल्ली, त्याची यादी. सर्वांत कमी—मी! पहिला!

बाईंनी सगळ्यांसमोर समजावलं. काका झटका देत नाहीत. लांबूनच वेग कमी करत आणतात, त्यामुळे ब्रेकमधली वीज परत बॅटरीत जाते. सगळ्यांनी असं चालवायला शिका.

शिका! काय शिका? घाबरायला शिका? मला मागचं-पुढचं ऐकू येत नाही म्हणून मी जपून चालवतो, आणि यंत्र म्हणतं हा सर्वांत गुणी. हसावं की रडावं तेच कळेना.

मंगळवार, २५ मार्च

भिंतीवर माझा फोटो लागला. खाली 'या महिन्याचा हरित चालक' आणि कोपऱ्यात एक हिरवं पान. डेपोत माझं नाव पडलंय पालेभाजी. "काय पालेभाजी, आज ताजी का शिळी?" हिने फोटोचा फोटो काढून तिच्या तिन्ही बहिणींना पाठवला. मेव्हण्याचा अभिनंदनाचा फोन आला, तो मी हिच्या हातात दिला. फोनवर ओठ दिसत नाहीत.

चोरी करून बक्षीस घेतल्यासारखं वाटतं. फोटोसमोरून जायचं टाळतो, लांबच्या दाराने आत शिरतो.

शनिवार, २९ मार्च

लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो.

सकाळची तिसरी फेरी. बाजाराचा स्टॉप. ऊन थेट काचेवर. शिवणवाल्या बाई उतरल्या. रोजच्या आहेत, कपड्यांचं गाठोडं आणि खांद्याला लांब पट्ट्याची पिशवी. मी दार लावलं. आरसा बघितला. मान वळवली. मागच्या दारापाशी माणसं उभी होती, त्यांच्यातून काही दिसलं नाही. निघालो.

पट्टा दारात अडकला होता.

दार सताड उघडं असेल तर ही गाडी हलतच नाही. पण बोटभर फट राहिली तर ती हलते, नुसता भोंगा वाजवत राहते. वाजला असणार. लोक ओरडले असणार. त्या बाई गाडीबरोबर पंधरा-वीस पावलं धावल्या. माझ्या खांद्यावर कुणीतरी दाणकन हात मारला तेव्हा मी ब्रेक दाबला. वळून बघतो तर सगळी बस तोंडं उघडून माझ्याकडे बघतेय. सगळी तोंडं हलताहेत. मला एकही शब्द कळला नाही.

बाई पडल्या. उजवं मनगट मोडलं.

रविवार, ३० मार्च

जेवलो नाही. हिला सांगितलं, बाजारात एक बाई पडल्या. एवढंच.

सोमवार, ३१ मार्च

चौकशी झाली. साहेब, गाडी शिकवणाऱ्या बाई आणि वरून आलेला एक अधिकारी. मी मनाची तयारी करून गेलो होतो. साहेबांनी कागद पुढे केला आणि म्हणाले, "तुमची चूक नाही. भोंग्याची वायर सुटलेली निघाली. तो वाजलाच नसणार."

त्या दिवशी सकाळी माझ्या बोटांना गुदगुल्या झाल्या होत्या! व्यवस्थित वाजत होता तो!

"तुमच्यासारख्या माणसाकडून असं होणं शक्यच नाही," अधिकारी म्हणाला. भिंतीवरचं पान त्यानेही बघितलेलं.

मी गप्प बसलो. हो, बसलो! सही केली आणि बाहेर आलो. बाहेर आल्यावर हायसं वाटलं, याची लाज जास्त वाटते.

बुधवार, २ एप्रिल

वायर सुटली म्हणजे कुणाची तरी चूक हवीच. ती पानाच्या गळ्यात पडली. गाडी तपासल्याची सही त्याची होती. चौकशी पुरी होईपर्यंत कामावर यायचं नाही, आणि नंतरही विजेच्या गाड्यांना हात लावायचा नाही. त्याने सामानाचं कपाट मोकळं केलं. वह्या पिशवीत भरताना मी बघितल्या. सात वह्या.

त्याने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी पाणी प्यायला गेलो. तहान नव्हती.

गुरुवार, ३ एप्रिल

तीन दिवसांची सुट्टी टाकून शिवणवाल्या बाईंच्या घरी गेलो. एकच खोली. मशीन खिडकीपाशी, झाकून ठेवलेलं. कोपऱ्यात कापलेले कपडे, चिठ्ठ्या टाचलेले. कुणाचं लग्न, कुणाचा गणवेश, सगळं थांबलेलं. सहा आठवडे प्लास्टर.

वाटलं होतं, शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "बसा ना दादा." डाव्या हाताने मशीनवरचं झाकण सारखं केलं. मग माझ्याकडे वळून, "मी किती हाका मारल्या हो! दारावर थापटलं. तुम्ही तर रोज इतके सांभाळून थांबता. मग त्या दिवशीच कसं काय?"

विचारण्यात राग नव्हता. खरंच कोडं पडलं होतं त्यांना. मी काय सांगू? म्हटलं, "चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "तुमचं कसं? भोंगा बिघडला होता म्हणे."

निघताना म्हणाल्या, "एक काम कराल? सुया ओवून द्याल? डाव्या हाताने टाके घालता येतात थोडेफार, पण ओवता येत नाही." सहा सुया ओवल्या. वेगवेगळ्या रंगांचे दोरे. सहावीला डोळ्यांतून पाणी यायला लागलं, छिद्रच दिसेना. त्यांना वाटलं, चष्म्याचा नंबर बदललाय.

शुक्रवार, ४ एप्रिल

पानाच्या घरी गेलो. म्हटलं, "उद्या जाऊन सगळं सांगतो. भोंगा चालू होता. तू का भोगायचं?"

त्याने दार लावून घेतलं. माझ्यासमोर खुर्ची ओढली, अगदी समोर, आणि सावकाश बोलला. "वायर मीच ओढली. शनिवारी, गाडी परत आल्यावर."

मला वाटलं, मी ओठ चुकीचे वाचले.

"तू बहिरा आहेस, लेका. मला पाच वर्षांपासून माहीत आहे. मागून शिवी दिली तरी वळत नाहीस! शनिवारी काय झालं ते कळलं तेव्हा म्हटलं, आता हा गेला. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना गेला. मग ओढली."

"अरे पण का?"

"का म्हणजे? तुला दुसरं काय येतं?"

खरं आहे. मला दुसरं काही येत नाही. मग तो म्हणाला, "आता तू तोंड उघडलंस तर मी कायमचा जाईन. हाताने वायर ओढणं आणि सुटलेली नजरेतून निसटणं, यात फरक आहे. गप्प राहिलास तर दोन-तीन महिन्यांत मी परत येतो. पाट्या पुसेन, चालेल मला."

घरी चालत आलो. तीन स्टॉप. मागून एक सायकलवाला कोपराला घासून गेला, हात नाचवत. घंटी वाजवली असणार.

खरं सांगावं तर मित्र जातो. न सांगावं तर सोमवारी पुन्हा तीच गाडी, तेच ऊन, तेच दार. पुढच्या वेळी मनगटावर भागलं नाही तर?

शनिवार, ५ एप्रिल

हिला सांगितलं. सकाळी, भांडी घासत होती तेव्हा. सगळं सांगितलं, एका दमात. तिने हात पुसले, माझ्या समोर आली.

"अहो, मी तीन वर्षं तुमच्या उजव्या बाजूला झोपते, ते काय उगाच?"

तीन वर्षं! मला वाटलं होतं, तिला पंख्याचं वारं हवं असतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोललात? दोन वर्षं काय, निघतीलही. पण रोज तुम्ही परत येईपर्यंत मी काय करते, ते विचारलंत कधी?"

विचारलं नव्हतं. आज विचारलं. ती सांगत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, चेहरा अगदी समोर धरून, एक शब्द सुटू नये म्हणून.

सोमवार, ७ एप्रिल

रविवारभर कागद फाडले. शेवटी एवढंच लिहिलं: 'मला दोन्ही कानांनी नीट ऐकू येत नाही. हे मी अनेक वर्षं लपवलं. त्या दिवशी भोंगा कितीही वाजला असता तरी मला ऐकू आला नसता. तरी अपघाताचा दोष फिटरवर धरू नये.'

यात एकही अक्षर खोटं नाही. आणि पानाही अडकत नाही. एवढं डोकं मी आयुष्यात लढवलं नव्हतं.

साहेबांनी तीनदा वाचलं. "हे काय लिहून दिलंत! मी वाचलंच नाही असं समजू का?" म्हटलं, "नाही साहेब. वाचा." त्यांनी चष्मा काढून ठेवला. किल्ली मागितली नाही, मीच टेबलावर ठेवली.

शिकवणाऱ्या बाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "काका, इंजिन इतकी वर्षं कानाशेजारी होतं तुमच्या. त्यानेच झालं असणार." मी एकदम भडकलो! "माझ्या गाडीला बोल लावायचा नाही. आमच्या घराण्यातच आहे हे." मग त्या साहेबांना म्हणाल्या, सगळ्याच जुन्या ड्रायव्हरांचे कान तपासून घ्या. साहेब म्हणाले, "सक्ती केली तर संप होईल." शेवटी ठरलं: फळ्यावर कोरा कागद लावायचा. ज्याला तपासून घ्यायचंय त्याने नाव लिहावं. शुक्रवारी सरकारी दवाखान्यात.

पहिलं नाव मी लिहिलं.

मंगळवार, ८ एप्रिल

पानाला कामावर घेतलं. लेखी ताकीद देऊन. शेडमध्ये गेलो तर माझ्याशी बोलेना. पाठ करून उभा. मग पाठ तशीच ठेवून काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, "ऐकू येत नाही." वळला आणि ओरडला, "शिवी दिली!" मग दोघंही हसलो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही.

बाकी डेपो मात्र फुरंगटलेला. दोन नंबरच्या रूटवाला तोंडावर म्हणाला, "तुझं तू बघायचंस. आमच्या पोटावर पाय कशाला?" दुसरा म्हणाला, "बहिरा तू, आणि तपासणी आमची?" फोटो कुणीतरी उलटा लावला.

कागदावर एकच नाव.

गुरुवार, १० एप्रिल

अजून एकच नाव. चौकीदाराने फळ्यावर पेन दोऱ्याने बांधून ठेवलंय. त्याला कुणी हात लावलेला नाही. उद्या एकटाच जाईन. लेक सोबत येते म्हणत होती, नको म्हटलं. एकट्यानेच लपवलं, एकट्यानेच तपासून घेतो.

शुक्रवार, ११ एप्रिल

दवाखान्यात साडेनऊला पोचलो. कान तपासणीच्या दारासमोर लांब बाक. त्यावर नऊ माणसं बसलेली. साध्या कपड्यांत, खाली मान घालून, एकमेकांपासून हातभर अंतर सोडून. सगळे आमचेच. दोन नंबरच्या रूटवाला पहिला. कुणी कुणाला सांगून आलं नव्हतं. मी शेवटी बसलो. मग नर्स दारात आली. तोंडावर मास्क. मास्क हलला, म्हणजे तिने नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. दहांपैकी एकही उठला नाही.